जांभळ्या ठिपक्याचा नट

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर मोर्शीला जाऊन दाऊद मिस्त्रीला विचारा. तो आधी चहा पाजेल, मग विषय बदलेल. त्यावरून काय ते समजा.

कोजागिरीनंतरचा गुरुवार. सकाळचे अकरा. डोक्यावर लख्ख ऊन. भुताखेतांच्या दृष्टीने अगदीच गैरसोयीची वेळ, हे मान्य. पण झालं ते तेव्हाच झालं.

दाऊद तीस वर्षं विहिरीवरचे पंप दुरुस्त करणारा माणूस. धरणावरच्या मच्छीमार संस्थेने मोटारबोट घेतली, तेव्हा पाण्याशी संबंध असलेला मिस्त्री म्हणून तीही त्याच्याच गळ्यात पडली.

त्याची एक पद्धत होती. नट पक्का आवळला की त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका तडकला, की समजायचं नट हलला. नेलपॉलिश अर्थातच मुलीचं, तहरीमचं.

"अब्बा, माह्यापेक्षा तुमचे इंजिनंच जास्त सजून राहिले," ती म्हणायची.

ऑगस्टात त्याने बोटीच्या स्टिअरिंगची दांडी काढून साफ केली. चाक फिरवलं की ही दांडी मागचं इंजिन वळवते आणि बोट वळते. दांडीला इंजिनाशी धरून ठेवणारा नट एकच. त्याच्या आत प्लास्टिकचं कडं असतं. एकदा काढला की फेकायचा, नवा लावायचा.

नवा नागपूरहून यायला चार दिवस.

दाऊदने जुनाच आवळला. पंपावर चालते, तर इथे काय होते? वर जांभळा ठिपका दिला. ती बाटली तिथेच संपली.

दसऱ्याच्या आधी जानराव गेला.

जानराव संस्थेचा जुना नावाडी. त्याची संत्र्याची बाग याच धरणात बुडालेली, खुंटं अजून पाण्यात उभी, काहींचे तेवढे शेंडे वर. तिथे पंखा अडकू नये म्हणून बटण दाबून इंजिन वर उचलावं लागे. जानराव बोटीच्या टोकावर उभा राहून खुंटं हेरायचा आणि बांबूने बोटीवर ठोकायचा. टक टक, म्हणजे उचल. एकदाच टक, म्हणजे सोड खाली.

त्या दिवशी बोट बागेजवळ एकाएकी डावीकडे फिरली. टोकावरचा जानराव उजवीकडे फेकला गेला. डोकं खुंटावर आदळलं.

बोट चालवत होता योगेश. जानरावचा सख्खा जावई.

गाव मसणात असताना संस्थेच्या अध्यक्ष बेबीताईंनी दाऊदला निरोप धाडला, बोट पाहून ठेवा. काठावर कोणीच नव्हतं. दाऊदने इंजिनाखाली हात घातला...

बोल्ट मोकळा होता.

नट गेला होता. तळाला, बागेत.

दाऊदने इकडेतिकडे पाहिलं. खिशातून नवाकोरा नट काढला. ऑगस्टात मागवलेला तो चार दिवसांतच आला होता, लावायचा तेवढा राहिला होता. आवळला. लाल ठिपका दिला. घरी येऊन जेवला नाही.

पंधरा दिवसांत गावाने निकाल लावून टाकला, जावयाने सासरा बुडवला. योगेशची बायको चंदा आईकडे निघून गेली. पोलिसांनी बोटीच्या तपासणीचा कागद मागितला. आणि त्या गुरुवारी बेबीताई म्हणाल्या, "दाऊदभाऊ, त्याच वाटेनं बोट चालवून पायजा. मंग लिहून द्या. दोष बोटीचा का पोराचा?"

बोट निर्दोष निघाली, तर योगेश तुरुंगात जाणार होता. आणि बोट निर्दोषच होती. दाऊदनेच तर केली होती.

काठावर त्याने नट तीनदा पाहिला. लाल ठिपका जागेवर.

तिघं निघाले. योगेश चाकावर, बेबीताई मधल्या फळीवर, दाऊद मागे इंजिनापाशी.

"चाचा," योगेश मागे न बघता म्हणाला, "चाक माह्या हातात फिरत होतं, पण बोट आयकतच नव्हती. कोनी मानून नाई राहिलं. तुमी तरी माना."

नट गळाला की नेमकं असंच होतं. दाऊदएवढं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"पायतो," दाऊद म्हणाला.

बोट सुरेख चालली. डावीकडे, उजवीकडे, चाक म्हणेल तिकडे. बेबीताई योगेशकडे नुसत्या पाहत राहिल्या. त्याची मान खाली गेली.

बाग जवळ आली.

खुंटांच्या शेंड्यांवर रोज बगळे बसतात. त्या दिवशी एकही नव्हता. वाराही पडला...

टक टक.

बोटीच्या टोकावर कोणी नव्हतं.

"बटण काहून दाबलं बे?" बेबीताई ओरडल्या.

"मी नाई दाबलं, ताई!" योगेशचे दोन्ही हात चाकावर होते.

इंजिन वर उचललं जात होतं. हळूहळू. पंखा पाण्याबाहेर येऊन किंचाळला. योगेशने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

शांतता झाली. आणि त्या शांततेत इंजिन अजून वर चढतच होतं...

स्विच अडकला असेल, दाऊदने स्वतःला सांगितलं. मिस्त्री माणूस आधी स्विचवर संशय घेतो, सैतानावर नंतर. त्याने बॅटरीची तार हिसकून काढली.

तार त्याच्या हातात होती.

इंजिन वर येत होतं.

पूर्ण वर आलं आणि थांबलं. दांडीचा बोल्ट नेमका दाऊदच्या डोळ्यांसमोर.

त्यावर नट होता. झिजलेला. बारीक शेवाळ अडकलेला.

ठिपका जांभळा...

दाऊदने नटाला बोट लावलं. पाना लागलाच नाही. नट नुसत्या चिमटीत फिरला, सुटला आणि त्याच्या तळहातावर पडला. बाहेर ऊन रणरणत होतं. नट मात्र बर्फासारखा.

टक टक.

"दाऊदभाऊ, हातात काय हाये तुमच्या?"

पाणी हातभर अंतरावर होतं. मूठ उघडली, की संपलं. तो सांगतो, मूठ उघडायचीच होती मले. पण बोटं ऐकत नव्हती.

"बेबीताई," तो म्हणाला, "पोराचा दोष नाई. नट जुना होता. मीच लावला. अन् नंतर मीच बदलला."

योगेश लहान पोरासारखा रडू लागला. चाळीस वर्षांचा गडी.

टोकावर आवाज झाला. एकदाच.

टक.

आणि इंजिन खाली गेलं.

ते सुरू करायची हिंमत कोणाची झाली नाही. तिघांनी वल्ही मारत काठ गाठला. बेबीताईंनीही वल्हं मारलं, वाटेत दाऊदचा उद्धार करत. काठाला लागेपर्यंत त्यांनी एकही शिवी दुसऱ्यांदा वापरली नाही.

दाऊदने सगळं लिहून दिलं. योगेश सुटला, चंदा घरी आली. दाऊदला आता पोलीस ठाण्यात हजेरी असते. बोटीचं काम अमरावतीच्या एका मिस्त्रीकडे गेलं.

जानरावची बायको दुर्गाबाई एकदा दुकानात आली होती. बसली नाही.

"आमी तिकडं ह्यायले जाळून राहिलो होतो, अन् तुमी इकडं नट बसवून राहिले होते. हाव का नाई?"

"हाव, वयनी."

ती गेली. चहा तसाच राहिला.

जांभळा नट पाकिटात घालून, त्यावर सही-शिक्का मारून, बेबीताईंनी संस्थेच्या कपाटात ठेवला होता. पोलीस नेणार होते. गेल्या सोमवारी दाऊदला बेबीताईंचा फोन आला. कपाटाला कुलूप होतं. पाकिटावरचा शिक्का जसाच्या तसा.

पाकीट रिकामं.

"बोटीवर जाऊन एकदा पाहून या, दाऊदभाऊ. योगेश रोज पंधरा मानसं घेऊन जाते तिच्यात."

लाल ठिपक्याचा नवा नट अजूनपर्यंत कोणाला सापडलेला नाही. अमरावतीच्या मिस्त्रीने आपला दुसरा लावलाय म्हणतात. तो ठिपके देत नाही.

दाऊद अजून गेलेला नाही. उद्या जातो म्हणतो. रोज म्हणतो.

काल भर दुपारी दुकान अर्धं ओढून तो आत पडला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

शटरवर आवाज झाला...

टक टक.