सोसायटीची मांजरं

केजच्या स्टँडातून एसटी हलली आणि सत्यभामेच्या मांडीवरची पिशवी ‘म्यांव’ म्हणाली.

आधी हळूच, मग चांगलं खणखणीत. सत्यभामेनं पिशवीवर ओढणी टाकली, ओढणीवर दोन्ही हात दाबले आणि मांजर नावाचं जनावर जन्मात पाहिलं नसल्यासारखी खिडकीबाहेरच्या बाभळींकडं बघत बसली. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत पुढं येत होता.

“कोन हाय मांजर घेऊन? गाडीत जनावर चालत न्हाई. हितंच उतरवीन, सांगून ठेवतो!”

आता पिशवी पुन्हा ओरडणार, एवढ्यात शेजारच्या तरुणानं तोंडाशी रुमाल धरला आणि घसा फाडून म्हणाला, “म्यांव!”

अख्खी गाडी वळून बघायला लागली.

“मीच हाय, साहेब,” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “घसा बसलाय. खोकला आला की असाच आवाज निघतोय.”

कंडक्टरनं त्याला खालीवर न्याहाळलं, “दवाखान्यात दाखवा,” म्हणत तिकीट फाडलं आणि पुढं सरकला. सत्यभामेला हसू आवरेना. ओठ दाबून ती पुटपुटली, “लई उपकार झाले...”

तेवढ्यात पिशवीच्या तोंडातून एक पंजा बाहेर आला आणि त्यानं तरुणाच्या मनगटावर लांबलचक ओरखडा काढला.

“ही फेड व्हय उपकाराची?”

“तिला वाटलं, गाडीत दुसरं मांजर आलंय,” सत्यभामा म्हणाली. आता मात्र दोघंही हसले.

तो ओरखड्यावर रुमाल बांधत होता, आणि ती... ती त्याचे डोळे बघत होती. हसताना बारीक होणारे, जरा खट्याळ डोळे. आपण बघतोय हे त्याच्या ध्यानात आलं, तशी तिनं झटकन पुन्हा बाभळी धरल्या.

“पन खरं सांगू का?” तो म्हणाला. “माणसाला प्यायला पानी न्हाई, बैलं छावनीत बांधलीत, आन तुमी मांजर पाळताय! म्हैस दूध देती, कुत्रं राखन करतंय. मांजर काय करतंय? खातंय आन झोपतंय.”

“तुमी काय करता?”

“मी? नोकरी.”

“म्हंजे तेच की!”

पुढच्या सिटावरची म्हातारीसुद्धा फिसकन हसली. तरुण कानापर्यंत लाल झाला, पण रागावला नाही. नाव विचारलं तर म्हणाला, बिभीषण.

“अगंबाई! लंकेतले का?”

“आष्टीकडचा. पन लंकाच समजा, सगळं रान जळालंय तिकडं.”

खडकवाडीच्या फाट्यावर ती उतरली, तर मागोमाग पत्र्याची ट्रंक घेऊन तोही उतरला. खडकवाडीच्या सोसायटीत नवा सेक्रेटरी येणार असं सगळं गाव म्हणत होतं. तो हाच.

ही शहाऐंशी सालातली गोष्ट. पावसाळा कोरडाच सरत आला होता, खरिपाची बाजरी गुडघाभर वाढून करपली होती. गावाची सगळी आस आता रब्बीच्या ज्वारीवर होती. हस्ताचा पाऊस पडला, तर काळ्या रानात मालदांडी पेरायची. तिचं बियाणं सोसायटीनं आधीच आणून गोदामात रचलं होतं. घरात खायला दाणा नसला तरी त्या पोत्यांना कुणी हात लावला नाही. चेरमन मोहनराव म्हणायचे, “ही पोती म्हंजे पुढचं साल हाय.”

पण उंदरांना हे कोण सांगणार? रानात कणीस राहिलं नव्हतं, म्हणून रानातले उंदीर झुंडीनं गावात शिरले, आणि गावात दाणा होता तो एकट्या गोदामात. बिभीषण रोज सकाळी कुलूप उघडायचा, तर कुरतडलेल्या पोत्यांतून ज्वारी सांडलेली असायची. त्यानं पिंजरे लावले. उंदीर शहाणे निघाले. मग त्यानं विषाच्या गोळ्या आणून भिंतीकडेनं टाकल्या. काही उंदीर मेले, पण दार उघडं राहिलं तेवढ्यात छबुबाईची शेळी आत शिरली आणि गोळ्या खाऊन दारातच आडवी झाली.

छबुबाई एकटी बाई. तिचं घर त्या शेळीवर चालायचं. बिभीषण तिच्या अंगणात खाली मान घालून उभा राहिला. तिनं शिव्या दिल्या, रडली, तरी तो हलला नाही. सत्यभामा शेजारच्या कुडाआडून बघत होती. गाडीत म्यांव करणारा हा माणूस, त्याचे डोळे भरून आले होते.

गोळ्या बंद झाल्या आणि उंदीर दुप्पट झाले. शेवटी मोहनरावांनी लिंबाखाली मीटिंग घेतली. म्हणाले, “बियाणं ट्रकमधी घालून केजच्या मोठ्या गोदामात ठेवू. पाऊस पडला की आणू.”

हस्ताचा पाऊस पडला की जमीन चार-आठ दिवसच पेरणीजोगी ओल धरते. तेवढ्यात केजहून बियाणं आलं नाही, तर? सगळ्या तालुक्याची झुंबड तिथं उडणार. हे प्रत्येकाला कळत होतं, पण दुसरा उपाय कुणाकडंच नव्हता.

“मांजरं सोडा की गोदामात!”

बायकांच्या घोळक्यातून आवाज आला होता. सत्यभामेचे वडील आसाराम चपापले. पोरगी त्यांचीच होती. गडीमाणसं खो खो हसली.

“पोरी,” मोहनराव म्हणाले, “मग काय, मांजरांना सोसायटीचं सभासद करून घिऊ का?”

“घ्या की, अण्णा. सभासदांपेक्षा कमीच खातील!”

आता बायका हसल्या, आणि गडीमाणसांचं हसू थांबलं. मोहनराव मिशीत बोट घालून बघत राहिले. तेवढ्यात बिभीषण उठला. सत्यभामेला वाटलं, हा आता ‘खातंय आन झोपतंय’ म्हणणार...

“मला मांजर बेकाम वाटतंय,” तो म्हणाला. “पन माझा उपाय फसला, त्यापायी एका माउलीची शेळी गेली. आता ह्यांचा उपाय करून बघू. पुनवेपस्तोर थांबा, चेरमनसाहेब. न्हाई जमलं तर ट्रक मीच भरतो.”

बोलताना त्यानं क्षणभरच तिच्याकडं पाहिलं. पण ते पाहणं... दुष्काळात कुणी तांब्याभर गार पाणी पुढं करावं, तसं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मांजरं जमायला लागली. कुणाची काबरी, कुणाची पांढरी, कुणाची शेपूटतुटकी. सत्यभामेनं पिशवीतून आणलेली राणी सगळ्यांत देखणी, सोनेरी अंगाची. “ही एकटी पुरं गोदाम साफ करील,” तिनं छाती ठोकून सांगितलं. राणीनं पोत्यांकडं एकदा बघितलं, जांभई दिली आणि सेक्रेटरीच्या खुर्चीत जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उंदीर खुर्चीखालून गेला, तर तिनं फक्त शेपूट हलवली.

“लई कामाची हाय,” बिभीषण म्हणाला. “आमच्या खात्यात बढती मिळंल हिला.”

“नवीन जागा हाय. रुळंल.”

“रुळलीच की. माझ्या खुर्चीत!”

सत्यभामा चिडली, आणि चिडल्यावर ती फार छान दिसते हे बिभीषणाला उमगलं. मग तो रोज राणीचं काहीबाही काढायला लागला.

दोघांचं एका गोष्टीवरून मात्र खरोखरच वाजलं. बिभीषण म्हणायचा, मांजर उपाशी ठेवलं तर शिकार करील. सत्यभामा म्हणायची, उपाशी मांजर दुसऱ्याच्या घरी पळून जाईल, दोन घास दिले तर ते जागा धरील. त्यानं हट्टानं एका काबरीला उपाशी कोंडून पाहिलं. ती झरोक्यातून निसटली, ती कायमचीच. पण दूध आणायचं कुठून? बायका आपल्या वाटणीतलं चमचा चमचा ताक आणायच्या, भाकरी कुस्करायच्या. तेही कमी पडायचं. आणि तरीही रोज सकाळी गोदामाच्या दारात वाटीभर दूध ठेवलेलं असायचं. कोण ठेवतं, कुणाला कळेना.

एकदा सत्यभामा जरा लवकर आली. बिभीषण पायरीवर चहा पीत बसला होता. काळा, कोरा चहा.

“दूध कावून न्हाई घातलं?”

“आवडत न्हाई.”

“गाडीतनं उतरल्यावर फाट्यावर तर दुधाचा पिला होता.” ती जरा थांबली. मग दारातल्या वाटीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. “तुमी तर म्हनत होता, मांजर बेकाम...”

“अजूनबी म्हनतो,” तो खाली बघत म्हणाला. “पन तुमी रोज येता... मांजरांपायी.”

सत्यभामेच्या हातातली भाकरी हातातच राहिली. गालांवर उन्हाची नव्हे, कसली तरी वेगळीच ऊब चढली. ती आत गेली आणि राणीलाच म्हणाली, “ऐकलंस का?”

त्याच सकाळी छबुबाई आली. तिच्या कडेवर एक फाटक्या कानाचा, काळा बोका होता. एक डोळा मिचमिचा, अंगावर जुन्या भांडणांच्या खुणा. तिनं तो बिभीषणापुढं सोडला. “शेळी गेली ती गेली, लेकरा. बियाणं जाऊ नये. ह्यो बोका वंगाळ हाय, पन कामाचा हाय.” बिभीषण वाकून तिच्या पाया पडला. पुढं त्यानं आपल्या गावाहून, आईकडून, छबुबाईसाठी पाट, तरणी शेळी, आणून दिली, ती बरीच नंतर. पण त्या दिवशी बाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो मनापासून.

बोक्यानं कामाला सुरुवात केली, आणि बाकीची मांजरंही पेटली. बिभीषणानं उंदरांची बिळं काचेचे तुकडे आणि चिखल घालून बुजवली. सत्यभामा चिखल कालवून द्यायची. पोती दगडांवर चढवली, भिंतीपासून हात-दोन हात पुढं ओढली, म्हणजे मांजरांना मागून फिरता येईल. ही युक्ती त्याची. कधी चिखलाच्या घमेल्यात दोघांची बोटं लागायची... कुणीच हात पटकन काढून घ्यायचं नाही.

पुनवेला मोहनराव आले. मागं केजचा ट्रक उभा होता, मागं गाव. कुलूप उघडलं. जमिनीवर सांडलेला दाणा नव्हता, नवं कुरतडलेलं पोतं नव्हतं. मोहनराव एकेक पोतं चाचपत चालले, तेवढ्यात कोपऱ्यातून एक घूस निघाली, चांगली मांजराच्या पिलाएवढी. ती नेमकी राणीच्या पुढ्यातून गेली. राणीनं तिच्याकडं बघितलं... आणि कूस बदलली.

हशा फुटला. सत्यभामेला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण हसणं संपायच्या आत वरच्या थप्पीवरून काहीतरी काळं धप्पकन खाली आलं. बोक्यानं घूस मानगुटीला धरली होती. तो तिला ओढत थेट मोहनरावांच्या पायांशी घेऊन आला आणि फुगून बसला.

मोहनरावांनी फेटा सारखा केला, बाहेर आले आणि ट्रकवाल्याला म्हणाले, “माघारी जा, बाबा. आमची पोती आमचे सभासद सांभाळत्यात!”

टाळ्या, शिट्ट्या, बायकांचा कालवा! त्या गलक्यात बिभीषण सत्यभामेजवळ आला. “हारलो मी,” तो म्हणाला. “मांजर कामाचं हाय.”

“आन राणी?”

“ती न्हाई. ती बिनकामाची हाय. पन सांजच्याला ती खुर्चीत दिसली न्हाई, तर मला खोली खायला उठती. आता सांगा, ह्याला उपयोग म्हनायचं का न्हाई?”

तिला वाटलं, आजवर मांजराविषयी कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.

हस्त लागला आणि पाऊस आला, धो धो, दोन रात्री न् एक दिवस. ओढ्यांना पूर आले, केजचा रस्ता तुटला. ज्यांनी बियाणं तिकडं धाडलं होतं, ती गावं पुराच्या अल्याड हात चोळत बसली. खडकवाडीत मात्र जमीन वापशाला, पेरणीजोगी, आली त्या सकाळी गोदामापुढं अख्खा गाव उभा होता, छावणीतून सुटलेल्या बैलांसह. बिभीषणानं शेवटचं पोतं उचलून दिलं, तेव्हा दुपार कलली होती. गोदाम मोकळं झालं. तो आणि सत्यभामा, दोघंच उरले.

“मांजरांचं काम सरलं,” तो म्हणाला.

“व्हय.”

“आता तुमी येनार न्हाई...”

“निमित्त न्हाई ना उरलं.”

तो रिकाम्या गोदामाचं कुलूप हातात फिरवत राहिला. मग एकदम म्हणाला, “निमित्त कावून लागतंय, भामा?”

पहिल्यांदाच त्यानं नुसतं नाव घेतलं होतं. सत्यभामा दारापर्यंत गेली, थांबली. “न्हाई लागत,” ती म्हणाली. “पन माझ्या वडलांची, दादांची परवानगी लागती. उद्या आमची पेरनी हाय. हिंमत असंल तर या.”

दुसऱ्या दिवशी मोहनराव स्वतः आसारामांच्या रानात आले. गावातली पहिली मूठ दरवर्षी चेरमनच्या शेतात पडायची. “औंदा ती हिच्या हातानं पडंल,” ते म्हणाले. “हिनं वाचवलेलं बियाणं हाय.” सत्यभामेनं तिफणीच्या चाड्यावर, बी सोडायच्या लाकडी वाटीवर, हळद-कुंकू वाहिलं, मुठीत ज्वारी घेतली, आणि आसारामांनी पहिला तास, पेरणीची पहिली ओळ, धरून बैल हाकले.

तेवढ्यात बांधावर बिभीषण उगवला. धुतलेला सदरा, घामेजलेलं कपाळ.

“दादा, मला... तुमच्या सत्यभामेशी लगीन करायचं हाय.”

बांधावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आसारामांनी बैल थांबवले नाहीत, मागं वळूनही बघितलं नाही. “पेरताना तास मधी तोडत न्हाईत,” ते म्हणाले. “तासाच्या शेवटाला सांगतो.”

बिभीषणानं चपला बांधावर काढल्या आणि ओल्या रानात उतरला. तिफणीच्या बाजूनं, घोटा घोटा रुतत तो चालायला लागला. सत्यभामेची मूठ हलली नाही, दाणा सारखा पडत राहिला. त्यांनी एकमेकांकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

तासाच्या टोकाला आसारामांनी बैल वळवले, मागची सरळ, भरलेली ओळ बघितली, आणि मग पोरीचा चेहरा बघितला.

“वडलांना धाडून द्या,” ते म्हणाले. “दिवाळीच्या आदी.”

बांधावर एकच कल्ला उडाला. बिभीषण ओल्या मातीत तसाच उभा राहिला, हसू कुठं ठेवावं ते न कळल्यासारखा. आणि सत्यभामेनं दुसऱ्या तासासाठी मूठ भरली, मान वर करून, सगळ्या गावादेखत त्याच्याकडं बघत.