तोफगोळ्यांचं गाऱ्हाणं

"इंग्रजांचो साहेब वरडलो, 'तोफ वर कर रे, वर!' गोलंदाज म्हणता, 'साहेब, वर जायना नाय! तोंड चौकटीक अडाकता!' मगे काय? धडाम्! गोळो सुटलो, तो खंय जावन पडलो?"

"पाण्यात!" मधू आणि वजीरा एकदम ओरडली.

"डुबुक!" निजामने गाल फुगवून आवाज काढला. "दुसरो गोळो? डुबुक! मासे तेवढे जखमी, किल्लो ठणठणीत! आणि आमचे कान्होजी आंग्रे? तटार बसान घावने खायत होते!"

"घावने?" कावेरीने भुवया चढवल्या. "ह्या खंय लिवलला आसा?"

"घावने नसतीत तर भाकरी आसतली. उपाशीपोटी कोण लढता गो?"

यावर कावेरीलाही हसू आवरेना. मे महिन्याची सुट्टी होती. गोवा मोकळा होऊन चार-पाच महिने झाले होते आणि गावातल्या प्रत्येक पोराला कुणाशी तरी लढाई करायची होती. तळेऱ्याची कावेरी दरवर्षीप्रमाणे विजयदुर्गला मामाकडे आली होती. मामेभाऊ मधू, त्याच्या वर्गातला निजाम आणि निजामची धाकटी बहीण वजीरा अशी ही चौकडी सकाळपासून किल्ल्यात ठाण मांडून असायची. रविवारी रामेश्वराच्या देवळासमोर त्यांचं नाटक व्हायचं होतं. इंग्रज तरंगता तोफखाना घेऊन या किल्ल्यावर चालून आले आणि त्यांचे गोळे तटापर्यंत पोचलेच नाहीत, त्या जुन्या फजितीचं नाटक. कान्होजी अर्थात निजाम! किल्ला बघायला येणाऱ्या पाहुण्यांनाही तो इतिहास असाच सांगायचा. पाहुणे पोट धरून हसायचे आणि जाताना पुन्हा एकदा तटाकडे वळून बघायचे.

"बंद करा हा पोरखेळ!"

सगळे दचकले. बुरुजाच्या पायऱ्या चढून भाईमामा वर येत होते. मामा एरवी मालवणीत बोलायचे. शुद्ध मराठी लागली की समजावं, वारं फिरलं! गावात नुकतीच किल्ला-जतन कमिटी निघाली होती आणि मामा तिचे अध्यक्ष होते. त्यामुळे किल्ला त्यांच्याच वडिलांनी बांधला असावा अशा थाटात ते हल्ली वावरत.

"इतिहास म्हणजे काय चेष्टा आहे? कान्होजी म्हटलं की मान झुकली पाहिजे. आणि हा घावने खायला घालतो! ते असू दे. निजाम, दिंडीदरवाजाजवळचे तोफगोळे कुठे आहेत?"

"थंयच आसत, भाईकाका."

"तिथे आहेत अर्धे! मागच्या वर्षी पुरातत्त्व खात्याचे साहेब आले तेव्हा ढीग मास्तरांच्या कमरेला लागत होता. आज गुडघ्याला लागतो. सोमवारी साहेब पुन्हा येणार. दिवसभर किल्ल्यात कोण असतो? तू! भंगारवाल्याचा मचवा बंदरात येतो तेव्हा धक्क्यावर कोण असतो? तू!"

"मी गोळे चोरूक नाय!" निजामचा आवाज चिरकला. "मचव्यार चाचा कामाक आसत म्हणान जातंय!"

"साहेब येईपर्यंत गोळे जागेवर आले नाहीत, तर तुझं नाव मला साहेबांना सांगावं लागेल. तोवर किल्ल्यात पाऊल टाकायचं नाही. नाटकातही नाही!"

निजाम खाली उतरला. दोन मिनिटांपूर्वी सगळं इंग्रजी आरमार बुडवलेला मुलगा दरवाजातून मान खाली घालून बाहेर गेला. वजीरा तर मामांच्या पाठीकडे असं बघत होती, की तिच्या हातात एखादा गोळा असता तर तो पाण्यात खचितच पडला नसता.

"गोळे निजामानी नेले नाय, मगे कोणी नेले?" मधू म्हणाला.

"ताच तर शोधूचा!" कावेरी म्हणाली.

शोध लागायला फार वेळ लागला नाही. दुपारी मथुरामामीने खळ्यात आंबापोळी वाळत घातली होती आणि कावळे हाकायला कावेरीला बसवलं होतं. समुद्रावरून असा वारा सुटला होता, की ताटांवरचं पातळ फडकं उडून शेजारच्या माडावर गेलं असतं. पण ते उडत नव्हतं. का उडत नव्हतं, म्हणून कावेरीने त्याच्या कोपऱ्यावरचा काळा धोंडा उचलायला घेतला. धोंडा उचलेना! वाटोळा, गुळगुळीत, गंजका. धोंडा कसला? तोफगोळा!

"मामी, ह्यो खंयचो गो?"

"तुझ्या मामानी शिमग्यात आणलो. वारो ऐकना नाय म्हणान. एकच आणलो हा! कित्याक?"

कावेरीने डोक्याला हात लावला. कमिटीचे अध्यक्ष! कान्होजींचा गोळा! आणि आंबापोळीवर!

तिने मधूला आणि वजीराला माडाखाली बोलावून हे सांगितलं, तेव्हा मधूचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हणजे माझे बाबाच चोर?"

"एका गोळ्यान ढीग अर्धो जायत नाय," वजीरा म्हणाली. वजीरा दहा वर्षांची असली तरी तिची अक्कल सगळ्यांच्या पुढे धावायची. "एकान नेलो, तसो आणखी कोणी नेलो नसात कशावरसून? घराघरात बघूक होया."

"घरात घुसाक कोण देतलो?"

"विरजण मागूया! विरजण मागूक गेलेल्या पोराक कोण नाय म्हणणा नाय. सरळ रांधपाच्या खोलयेत!"

झालं! वाट्या घेऊन तिघं निघाली. परुळेकर मास्तरांच्या घरी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याशी तोफगोळा. धोंडूशेटच्या दुकानात तर कहरच. सरकारने जुनी शेरांची वजनं बंद केली, नवी किलोची शेटला मिळाली नव्हती, म्हणून मधल्या काळात तराजूच्या एका पारड्यात तोफगोळा आणि दुसऱ्यात कोकमं! हौसाबाईने खारातले आंबे वर येऊ नयेत म्हणून पिंपाच्या फळीवर एक बसवला होता. कुणाच्या पोराच्या झोळीला एक बांधलेला होता. विचारावं तर सगळ्यांचं उत्तर एकच: "एकच हाडलो गो! एकान काय होता?"

संध्याकाळपर्यंत तिघांकडे अख्ख्या गावाचं दही लागेल एवढं विरजण जमलं आणि चोरांची गणती करण्यात अर्थ उरला नाही.

शेवटी ती निजामकडे गेली. निजाम मागच्या पडवीत जाळ्याची गाठ मारत बसला होता. ऐकता ऐकता त्याचे डोळे चमकले, आणि मग एकदम विझले. त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कोंबड्यांच्या उपड्या टोपलीवर, मांजराने टोपली उलथू नये म्हणून, ऐटीत बसलेला तोफगोळा!

"दादी!" वजीरा किंचाळली. "ह्यो खंयसून?"

"तो?" रहमतबी दादीने सुपारी कातरता कातरता बघितलं. "तुझ्या आजाच्या येळेपासून आसा तो. तुझ्या बापाशीन तेच्यार बसान बाराखडी शिकली!"

"खल्लास!" निजाम म्हणाला. "आता कोण इश्वास ठेवतलो माझ्यार?"

"बाबांका सांगूया," मधू म्हणाला. "सगळ्यांची नावां सांगूया!"

"आणि ते म्हणतले, माझो एकच होतो," कावेरी म्हणाली. "मास्तर म्हणतले, माझो एकच होतो. एकेकाक पकडून कायएक उपेग नाय. सगळ्यांका एकदम पकडूक होया, आणि तेंच्याच तोंडान कबूल करून घेवक होया."

"ता कसा?"

कावेरी विचार करत राहिली. पडवीतून दिसणाऱ्या देवळात कुणाचं तरी गाऱ्हाणं चाललं होतं, नारळ ठेवून गावकार देवाला साकडं घालत होता आणि दर वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा!" म्हणत होती. अर्धे लोक तर गप्पा मारत होते, तरी "व्हय म्हाराजा!" बरोबर जागेवर येत होतं. आमच्या मुलखात माणूस झोपेत असला तरी गाऱ्हाण्याला "व्हय" म्हणतो. आणि देवासमोर एकदा "व्हय" म्हटलं की मागे फिरायची कुणाची छाती होत नाही!

कावेरी टुणकन उठली. "वजीरा, काथ्याची मिशी खंय आसा? कान्होजी आता मी!"

रविवारी संध्याकाळी देवळासमोर बत्त्या लागल्या. पुढच्या रांगेत भाईमामा, मास्तर आणि धोंडूशेट. मागे रहमतबी दादीसुद्धा पानदान घेऊन आलेली. निजाम मात्र गर्दीच्या बाहेर, पिंपळाच्या पारावर एकटाच बसला होता.

इंग्रजांचे गोळे डुबुक डुबुक पाण्यात पडले. इंग्रज साहेब झालेल्या मधूने तोफ वर करायच्या नादात स्वतःची टोपी तोफेत घातली. लोक लोटपोट झाले. घावनेही आले! मामा आधी गंभीर बसले होते. पण टोपी उडाल्यावर त्यांचंही पोट हलायला लागलं.

मग कान्होजी पुढे आले. मिशी एका बाजूने सुटली होती, ती त्यांनी बोटाने दाबून धरली. खराखुरा नारळ देवळाच्या पायरीवर ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा जमाव एका दमात म्हणाला. सर्वांत मोठा आवाज मामांचा. लहानपणापासून गाऱ्हाण्याला त्यांच्याइतका खणखणीत "व्हय" कुणाचाच नव्हता.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! फिरंगी परत दर्यात इलो हा, तोफा भरूच्या आसत, पण माझे गोळे जाग्यार नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या दाराक लागले, कोणाच्या ताजव्यात चढले, कोणाच्या आंबापोळयेवर जावन बसले रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मास्तरांनी "व्हय" म्हटलं आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण गाऱ्हाणं थांबत नसतं.

"ज्या कोणी नेले, तेणी उद्या उजाडता उजाडता आपापलो गोळो जाग्यार नेवन ठेवचो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्या पोराचेर खोटो आळ घातलो, तो आळ चार माणसांत मागे घेवचो रे म्हाराजा!"

"व्हऽऽय म्हाराजा!" मामांचा आवाज देवळाच्या शिखराला जाऊन भिडला.

आणि मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला! मामांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. धोंडूशेट स्वतःच्या चपला शोधायला लागले. हौसाबाई पदराने तोंड पुसत राहिली. देवासमोर नारळ होता आणि नारळासमोर सगळा गाव "व्हय" म्हणून बसला होता!

सकाळी उजाडताना चौघं किल्ल्याच्या दरवाजाबाहेर करवंदीच्या जाळीमागे दबा धरून बसली. निजामने मामांचा हुकूम मोडला नाही. पाऊल आत टाकलं नाही. पहिले आले मास्तर, छत्रीत काहीतरी जड घेऊन. पाठोपाठ धोंडूशेट, डोक्यावर पोतं. वळणावर दोघांची टक्कर झाली.

"काय शेटनूं, इतक्या सकाळी?"

"फिराक इलंय. तुमी?"

"मी पण फिराकच!"

छत्रीची काडी तेवढ्यात कडाड् मोडली आणि मास्तरांचं फिरणं धप्पदिशी त्यांच्या पायाजवळ पडलं! मग हौसाबाई आली, झोळीवाले आले. रहमतबी दादी टोपलीसकट आली, आणि टोपलीत एक कोंबडीही चुकून आलेली. सगळ्यांच्या शेवटी भाईमामा आले. त्यांनी गोळा उपरण्यात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता आणि त्याला आंबापोळी चिकटलेली होती.

पोरांना जाळीत हसू दाबता दाबता काटे टोचले.

नऊच्या सुमाराला साहेब आले. ढीग बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भाईसाहेब, मागच्या वर्षी हा ढीग मास्तरांच्या कमरेला होता. आता छातीला लागतो! तोफगोळ्यांना पिल्लं झाली की काय?"

खरंच की! आजे-पणजांच्या काळात नेलेले गोळेही गाऱ्हाण्याच्या धाकाने परत आले होते. सगळे जमिनीकडे बघायला लागले. मामांनी घसा खाकरला. "ते काय आहे साहेब, आमच्या कमिटीने कसून शोध घेतला आणि..."

"भाईमामा," कावेरी हळूच म्हणाली. "गाऱ्हाण्याचो अर्धो भाग रवलो हा."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग दरवाजाकडे बघितलं. उंबऱ्याच्या पलीकडे निजाम एकटा उभा होता. मामांच्या कपाळावर घाम आला. अध्यक्षपणा एकीकडे आणि रामेश्वर दुसरीकडे! शेवटी त्यांनी उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतलं.

"साहेब, खोटं नाही बोलत. यातला एक गोळा मी नेला होता. आंबापोळीवर ठेवायला. आणि चोरीचा आळ मी त्या मुलावर घातला. त्याने काही केलेलं नाही. चुकलो मी."

"मी दाराला लावला होता," मास्तर पुटपुटले.

"माझ्या ताजव्यात होतो," धोंडूशेट म्हणाले.

"आमच्या कोंबड्यांर!" रहमतबी दादी मोठ्याने म्हणाली. तिला मुळीच लाज वाटली नव्हती.

साहेब आधी गंभीर राहिले, मग त्यांना राहवेना. ते इतके हसले की चष्मा पुन्हा काढावा लागला. "इंग्रजांच्या तोफांपुढे किल्ला टिकला," ते म्हणाले, "पण गावकऱ्यांपुढे गोळे टिकले नाहीत! हे परत आणले कुणी?" मास्तरांनी नारळाची आणि गाऱ्हाण्याची हकीकत सांगून पोरांकडे बोट दाखवलं. "या मुलांनी? शाबास! आमच्या खात्याला जे जमलं नसतं, ते तुम्ही एका नारळात केलंत!"

कावेरीच्या कपड्यांना कॉलर नव्हती, नाहीतर ती ताठ झाली असती. मधूने आपली टोपी ताठ केली.

मामा मात्र थेट दरवाजाबाहेर गेले. त्यांनी निजामचा हात धरला आणि त्याला सगळ्यांदेखत आत घेऊन आले. निजामचे डोळे भरून आले होते. त्याने ते बाहीने पुसले.

"रडतंस कित्याक रे?" मामांची शुद्ध मराठी कुठच्या कुठे पळाली होती. "चल, साहेबांका किल्लो दाखय. तुझ्या पद्धतीनच सांग. घावने बिवने सगळा सांग." मग ते त्याच्या कानाशी वाकले. "पण बाकीच्या पाहुण्यांका ता आंबापोळयेचा तेवढा सांगा नको हां."

निजामने ढिगाऱ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि कान्होजींच्या ऐटीत छाती काढली.

"ता कसा जमतला, भाईकाका? ह्यो इतिहास आसा!"