सगळे आवाज शून्यावर

ही गोष्ट रचलेली नाही. रचायचीच असती तर अमावास्या घातली असती, पिंपळ घातला असता. यात तसलं काही नाही. भर दुपार आहे, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आहेत आणि एक कॉम्प्युटर आहे.

घडलंय आमच्याच घरात. कळंबला, येरमाळा रस्त्याच्या बाजूला. येरमाळ्याच्या येडाई देवीची चैत्राची यात्रा नुकतीच संपली होती. रविवार होता.

मी मंजुषा. बी.एस्सी. केलंय. दृष्ट, बाहेरचं, अंगातलं... असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आज कशावर आहे, ते मलाच सांगता येत नाही.

माझे मिस्टर रणधीर दुकानांना, गोदामांना सीसीटीव्ही बसवून देतात. लहानपणापासून त्यांना पायलट व्हायचं होतं. ते काही जमलं नाही. वेड मात्र गेलं नाही. गच्चीवरच्या खोलीत त्यांनी प्लायवूडचं कॉकपिट करून घेतलं. भंगारातून जुन्या जीपची सीट आणली. समोर तीन स्क्रीन, हातात विमानाचं स्टिअरिंग. फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात त्याला. सगळं खऱ्या विमानासारखं, फक्त जागचं हलत नाही.

गल्लीतले बिभीषणमामा रोज चिडवायचे, "रणधीर, एकदा येरमाळ्याला उतरव की इमान. आमी बी दर्शन घिऊन येतो."

"तिकीट काढा मामा, उधारी न्हाय," हे म्हणायचे.

असं हसतं-खेळतं घर होतं आमचं.

उत्कर्ष तेव्हा चार वर्षांचा होता. पप्पांच्या मांडीवर बसून, मोठाले हेडफोन लावून विमान चालवायचा. हे त्याला शिकवायचे, "विमानतळाच्या टॉवरनं हाक मारली की पहिल्या हाकेला उत्तर द्यायचं. उशीर करायचा नाही."

माझ्या सासूबाईंना ते अजिबात पटायचं नाही.

आमच्याकडं जुनी रीत आहे. कुणी हाक मारली आणि माणूस दिसत नसेल, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आधी तोंड बघायचं, मग ओ द्यायची.

"पोराला भलतंच शिकवू नको रं," त्या म्हणायच्या.

"आई, टॉवरचं तोंड कसं बघायचं? तो पुण्याला असतो!"

मीही हसले होते तेव्हा.

त्या रविवारी सासूबाई गच्चीवर कुरडया पलटत होत्या. खोलीत आम्ही तिघं. हे विमान चालवत होते, उत्कर्ष हेडफोन लावून त्यांच्या मांडीवर. आवाज स्पीकरमधूनही येत होता, म्हणून मलाही सगळं ऐकू येत होतं. स्क्रीनवर विमानाखाली मांजरा धरणाचं पाणी दिसत होतं.

मध्येच हे म्हणाले, "मंजू, कसला तरी बारीक आवाज येतोय बघ."

मी कान दिला. इंजिनाची घरघर... आणि तिच्या तळाशी काहीतरी. शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं, तसं.

"कशातून येतोय ते शोध. एकेक बंद करत जा."

यांची कामाची पद्धतच ती. कॅमेऱ्याच्या वायरिंगमध्ये बिघाड झाला की एकेक वायर काढत जायचं. जी काढल्यावर बिघाड थांबतो, ती खराब.

मी माउस घेतला. आवाजाच्या पानावर आडव्या पट्ट्या असतात. इंजिनाची वेगळी, वाऱ्याची वेगळी, इशाऱ्याच्या भोंग्यांची वेगळी, माणसांच्या बोलण्याची वेगळी. पट्टी डावीकडं ओढली की तो आवाज कमी होतो. पार कडेला नेली की शून्य.

आधी इंजिन शून्यावर नेलं. विमान मुकं झालं.

तो आवाज... होताच.

मग वारा. मग भोंगे. प्रत्येक पट्टीबरोबर तो आवाज उलट स्पष्ट होत चालला. बाईचा होता.

"रेडिओवरचं कुणी बोलत असेल," हे म्हणाले. "माणसांची पट्टी ओढ. हळूहळू ओढ, म्हणजे कळेल."

मी हळूहळू ओढली. थोडी... अजून थोडी... शून्य.

आता काहीच ऐकू यायला नको होतं.

स्पीकरमधून अगदी जवळून हाक आली...

"छकुल्या..."

ही हाक जगात फक्त मी मारते. बाकी सगळे त्याला उत्कर्ष म्हणतात.

आणि आवाज माझा होता.

माझं तोंड बंद होतं. यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी नुसती मान हलवली... मी नाही.

"छकुल्या..."

दारात सासूबाई आल्या. हाताला कुरडयांचा चीक वाळलेला. "व्हय गं, किती येळ हाका मारायलीस पोराला? खाली हायस असं वाटलं मला..."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. स्पीकरकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"उत्कर्षा, ओ दिऊ नको!"

पण त्याच्या कानावर हेडफोन होते.

तो छान हसला आणि पप्पांनी शिकवलं होतं तसं लगेच म्हणाला, "ओ, आई!"

यांनी भिंतीतून प्लगच उपसला. स्क्रीन काळे झाले. बाहेर कडक ऊन. कुठं काही नाही.

"तुझाच आवाज माईकमधून रेकॉर्ड झाला असेल कधीतरी," हे म्हणाले.

"माईक दिवाळीतच तुटलाय. तुम्हीच सांगितलं होतं."



सासूबाईंनी उत्कर्षवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी विरोध केला नाही.

दोन-तीन दिवसांनी उत्कर्ष दारापुढं मातीत खेळत होता. मागून कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर आला. एवढा मोठा आवाज... आणि हा उठेना. मान वर करेना. ड्रायव्हर धुळाप्पानं करकचून ब्रेक दाबला आणि खच्चून ओरडला, "ए पोरा, सरक की!"

त्या ओरडण्यानं तो दचकला. ट्रॅक्टरच्या आवाजानं नाही.

"वहिनी, ध्यान कुठं असतंय तुमचं?" धुळाप्पा माझ्यावर चिडला.

मी उत्कर्षला पोटाशी धरलं. ट्रॅक्टर तसाच चालू होता, घर्रर्र करत. मी विचारलं, "ऐकू येतंय का हे?"

"काय?" तो म्हणाला.

नंतर वळवाचं वादळ आलं. शेजारचे पत्रे धडाधडा वाजत होते. पूर्वी तो वाऱ्याला घाबरून माझ्या पदरात शिरायचा. त्या दिवशी शांतपणे चित्रं रंगवत बसला.

मग कुकरची शिट्टी त्याला ऐकू येईना. मग मोबाईलची रिंग.

भाजी चिरता चिरता माझा हात थांबला...

इंजिन. वारा. भोंगे.

ज्या क्रमानं मी पट्ट्या ओढल्या होत्या, त्याच क्रमानं एकेक आवाज त्याच्यापुरता बंद होत होता.

आता एकच पट्टी उरली होती.

त्याच दिवशी त्याला घेऊन लातूर गाठलं. कानाच्या डॉक्टरांनी झोपवून, डोक्याला वायरी लावून तपासलं. म्हणाले, "कान खणखणीत आहेत. आवाज मेंदूपर्यंत पोचतोय. मुलगा दखल घेत नाही, इतकंच. मोबाईल बंद करा."

मोबाईल आम्ही त्याला कधी दिलाच नव्हता.

घरी आलो, तर सासूबाई दारात वाट बघत होत्या. "आलास का रं माझ्या राजा? भूक लागली का?"

तो त्यांच्या ओठांकडं बघत राहिला.

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आजी नुसतंच तोंड हलवायलीय."

सासूबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

त्यानंतर पप्पांचा आवाज गेला. हे त्याच्यासमोर बसून जोरजोरात गाडीचे, विमानाचे आवाज काढायचे, वेडेवाकडे चेहरे करायचे. तो चेहऱ्यांना हसायचा. हे बाहेर जाऊन रडायचे.

माझा आवाज सगळ्यात शेवटी गेला. हळूहळू. ती पट्टी मी हळूहळूच ओढली होती ना...

आधी तो म्हणायचा, "मोठ्यानं बोल ना आई." मग म्हणायचा, "लांबून का बोलतीस?" मी त्याच्या कानाला तोंड लावून बोलत असायचे.

एका सकाळी मी त्याला आंघोळ घालत होते. गाणं म्हणत होते. त्यानं ओल्या हातांनी माझे गाल धरले.

"आई, तू माझ्याशी बोलत का नाहीस?"

मी बोलतच होते.

त्याच दिवशी मी वर गेले. ती खोली तेव्हापासून बंद होती. प्लग लावला. उत्कर्षला शेजारी बसवलं. मनाशी म्हटलं, ज्या हातानं बंद केलं त्याच हातानं चालू करू. आवाजाचं पान उघडलं. सगळ्या पट्ट्या शून्यावर. मी एकेक करून पार उजवीकडं नेल्या.

इंजिन असं गरजलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. वारा, भोंगे, रेडिओ... सगळं एकदम. माझे कान बधिर झाले.

उत्कर्ष ताडकन उभा राहिला. मला वाटलं, ऐकू आलं! बाळाला ऐकू आलं!

तो चारीकडं बघायला लागला. ओठ थरथरले. मग किंचाळला...

"आई! आई कुठं गेली? आत्ता तर बोलत होती!"

"मी इथं आहे रे, छकुल्या!" मी त्याला कवेत घेतलं. तो हातपाय झाडत मला ढकलत होता. माझ्या चेहऱ्याकडं बघत होता आणि आईला शोधत होता. रडता रडता त्याचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. मी पाठ चोळली, हाका मारल्या...

काही उपाय चालेना.

शेवटी मीच हात लांब केला. आणि पट्ट्या ओढल्या. एकेक. सगळ्या.

शून्य.

खोली शांत झाली. मला काहीच ऐकू आलं नाही.

त्यानं मोठा श्वास घेतला. कोपऱ्याकडं बघून हसला.

"ओ, आई," तो म्हणाला.

त्याला आता काय ऐकू येतं, ते मला ऐकू येत नाही. मला फक्त त्याची उत्तरं ऐकू येतात. त्यावरून प्रश्न कळतात.

"जेवलो." ... "वरण-भात." ... "हो, पप्पा कामाला गेलेत."

मध्ये म्हणाला, "येतात की. मला एकट्याला पायऱ्या उतरता येतात."

त्या दिवसापासून गच्चीला कुलूप आहे. फाटकाला कुलूप आहे. यांनी कॉम्प्युटर फोडून फेकून दिला, त्यानं काही फरक पडला नाही. येडाईला जाऊन आलो, ईट गावच्या देवऋषीकडं जाऊन आलो, पुण्याच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. मी त्याला एक मिनिट एकटं सोडत नाही. झोपताना त्याच्या सदऱ्याचं टोक माझ्या पदराला बांधून झोपते.

काल दुपारी तो म्हणाला, "हो, चप्पल घालून येतो."

मी घरातल्या त्याच्या सगळ्या चपला, बूट उचलले आणि कपाटात कोंडले.

आत्ता हे लिहितेय, तो माझ्या मांडीला टेकून बसलाय. मघाशी उठून चपलांच्या जागी जाऊन आला. परत बसला.

"चप्पल न्हाय इथं," तो कोपऱ्याला म्हणाला.

मग मान तिरकी करून ऐकत राहिला.

आणि आता मान हलवून म्हणतोय, "बरं. मग तू इथं ये. तूच उचलून घेऊन जा मला."