होतं तसं मोडून द्या

माझी बायको मला पहिल्यांदा भेटली तेव्हा माझ्यावर चिडलेली होती. आणि मी तर त्या जागी मुळात चुकून गेलो होतो.

मी सुतार. दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, तिथे एक कपाट बसवायचं होतं. मी एक जिना कमी चढलो आणि पहिल्या मजल्यावरच आत शिरलो. काउंटरवरच्या मावशींनी माझ्या हातातली हत्यारांची पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, आलात एकदाचे. त्यांचा सुतार आठ दिवस येतो-येतो म्हणत होता. तो मी नव्हे, हे सांगेपर्यंत त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन सोडलं आणि डुगडुगणारं टेबल दाखवून त्या फोन घ्यायला गेल्यासुद्धा.

खोली मुलांची होती, पण शाळेसारखी नव्हती. बुटक्या खुर्च्या. वाळूचा एक उथळ ट्रे. फडताळात बाहुल्या, गाड्या, वाघ-सिंह. नाक पुसायच्या कागदाचे दोन डबे होते, एक मोठ्यांच्या हाताशी आणि एक खाली, मुलांच्या हाताशी. ते मला आवडलं. कोणीतरी विचार करून ठेवलेले होते.

टेबलाचं काम दोन मिनिटांचं. निघता निघता कोपऱ्यातलं बाहुलीघर दिसलं. कमरेएवढं, लाकडी, चांगल्या हाताचं काम. पण पुढचं दार खालच्या एका बिजागरीवर लोंबत होतं. मोडलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. मी बसलो, बिजागरी सरळ केली, खिळा बारीक केला, दार बसवलं. बोटानं ढकललं तर आवाज न करता मिटलं. मनाशी म्हटलं, कोणीतरी पोर खूष होईल.

तेवढ्यात ती आली. बाहेर भुरभुर चालू होती, तिच्या केसांवर बारीक थेंब होते. तिनं आधी मला पाहिलं, मग दार पाहिलं, आणि हातातली पिशवी खाली ठेवायची विसरली.

"हे कोणी केलं?"

मी म्हणालो, मीच. वर हसलोही, शाबासकी मिळणार म्हणून.

"मिस्त्री, ते मोडलेलंच हवं होतं."

मला वाटलं थट्टा चाललीय. ती थट्टा नव्हती. ती समुपदेशक होती. मुलं आणि त्यांचे आईबाप मनातलं ओझं घेऊन तिच्याकडे यायचे. तिनं मला सरळ शब्दांत सांगितलं, की इथे येणारी मुलं तोंडानं बोलत नाहीत, वस्तूंनी बोलतात. कोणी बाहुली कुठे ठेवली, कोणी दार मोडलं, तर ते त्या मुलाचं बोलणं असतं. ते मोठ्यांनी हलवायचं नाही, नीटही करायचं नाही. नीट केलं म्हणजे त्याला सांगितलं, की तुझं बोलणं आम्हाला नको आहे. आणि ते दार ज्याचं होतं ते मूल अर्ध्या तासात येणार होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता होतं तसं मोडून द्या."

तीस वर्षांचा होतो. बारा वर्षं लाकडात घालवली होती, पण नेमकं मोडायचं काम कोणी सांगितलं नव्हतं. ती गुडघ्यावर बसून आठवून सांगत होती. अजून थोडं डावीकडे... वरची बिजागरी पूर्ण सुटलेली... नाही, इतकं नाही, उघडताना खाली घासायचं. मी वाकवत होतो, ती मान हलवत होती. तिचा खांदा माझ्या खांद्यापासून चार बोटं लांब होता. ते अंतर मी डोळ्यांनीच मोजलं, सवयीनं.

शेवटी दार घासलं. ती पहिल्यांदा हसली.

म्हणाली, "छान मोडता तुम्ही."

मी म्हटलं, हात बसलाय आता, अजून काही मोडायचं असेल तर सांगा. ती म्हणाली, या घराच्या आसपास फिरकू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ आहे. वर दातांचा डॉक्टर माझ्या नावानं शंख करत होता. मी जिना चढत होतो, पण लक्ष खालीच होतं.

फिरकू नका म्हणाली, म्हणून मी चौथ्या दिवशी फिरकलो. निमित्त होतं त्या बुटक्या खुर्च्यांचं. मावशींना म्हटलं, या खुर्च्यांत मुलं बसतात ठीक, पण त्यांचे बाप बसले तर गुडघे कानाला लागतात. मी जरा रुंद, भक्कम करून देतो, उंची तेवढीच ठेवतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, बाईंना चार वाजता मोकळा वेळ असतो हो, खुर्च्यांबद्दल बोलायला. मावशींनी माझ्या पोटातलं चार दिवसांत ओळखलं होतं.

मग चार वाजताचा चहा सुरू झाला. मी तिला बाई म्हणायचो, ती मला मिस्त्री. पुढे लग्न झालं, अहोजाहो गेलं, तरी ती दोन नावं गेली नाहीत.

तिची एक सवय होती. आपण बोलून थांबलो की ती लगेच बोलायची नाही. नुसती बघायची, कपावरचं बोट हळूहळू फिरवत. मला ती शांतता सोसायची नाही, म्हणून मी अजून बोलायचो. असं करत करत मी तिला माझ्या बापाबद्दल सांगितलं. तो कधी रागावला नाही, कधी जवळही आला नाही. घरात काही बिनसलं की रंधा घेऊन मागच्या पडवीत जायचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर म्हटलं, बाई, तुम्ही हे फसवून काढून घेतलंत. ती म्हणाली, "मी तर काही विचारलंच नाही."

खरं होतं. ती काहीच विचारत नसे, म्हणून माणूस सगळं सांगत असे.

ते दार कोणाचं, का मोडलं, हे मी चारदा विचारलं असेल. दर वेळी तिनं विषय बदलला. तिनं ते कधीच सांगितलं नाही... शेवटपर्यंत नाही. मुलांचं तिच्याजवळ आलेलं तिच्याजवळच राहायचं.

सात महिन्यांनी एकदा तिचा फोन आला. म्हणाली, मिस्त्री, ते दार आता दुरुस्त करायला हरकत नाही. मी विचारलं, म्हणजे त्या मुलाचं सगळं बरं झालं का? ती म्हणाली, दार दुरुस्त करायचंय, एवढंच मी सांगतेय. पण तिचा आवाज हसत होता.

दार बसवायला पाच मिनिटं लागली असती. मी पाऊण तास लावला. ती शेजारी बसून बघत होती. काचेवर पाऊस वाजत होता. मी खिळ्याकडे बघत म्हणालो, "माझं घर लहान आहे, पण नीट आहे. काही मोडलेलं नाही त्यात. राहायला... याल का?"

ती नेहमीसारखी गप्प राहिली. त्या वेळी मीही बोललो नाही. आयुष्यात एवढी एकच शांतता मला जमली.

"काहीच मोडलेलं नाही असं घर मी अजून पाहिलं नाही," ती म्हणाली. "पण येते."

तिच्या थोरल्या भावानं पुष्कळ टोमणे मारले. ही मनं जोडणार आणि तो फळ्या, म्हणे, बोलणार काय एकमेकांशी? लग्नात मात्र तोच सगळ्यात जास्त रडला. आणि बोलायचं म्हणाल तर ती बोलायची, मी ऐकता ऐकता काहीतरी तासत असायचो. तिला ते चालायचं. निदान मला तसं वाटायचं.

मुलगी झाली. घर भरलं. माझ्या तोंडी एक शब्द होता, 'आलोच'. जेवायला ये म्हटलं की आलोच, निघायचंय म्हटलं की आलोच. मायलेकी हसायच्या. मुलगी पाहुण्यांना सांगायची, बाबांचा आलोच दोन तासांचा असतो.

बारा वर्षं अशी गेली. मग ती आजारी पडली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. मी घरी आलो आणि टेप काढून पलंगाची उंची मोजली. तिला उठायला सोपं जावं म्हणून चार इंच वाढवली. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. खिडकीखालची भिंत तोडून खिडकी खाली घेतली, पडल्या पडल्या रस्ता दिसावा म्हणून. चाकांचं टेबल केलं. सगळं तिच्या उपयोगाचं होतं, हे मी स्वतःला सांगत होतो. खोटंही नव्हतं ते. पण काम संपत आलं की मला धाप लागायची, आणि मी पुढचं काम शोधायचो.

शेवटी छप्पर उरलं. तिच्या खोलीवरचा एक पत्रा सैल होता, वारा आला की वाजायचा. मी चार दिवस वर होतो.

त्यातल्या शेवटच्या दुपारी तिनं मला हाक मारली. मुलगी उशाशी बसलेली होती. मी दारातच उभा राहिलो, हातात हातोडी.

"मिस्त्री, आज काही दुरुस्त करू नकोस. इथे बस."

मी म्हणालो, "एवढा एक पत्रा राहिलाय. आलोच."

ती हसली. मुलगी हसली नाही.

मी खाली आलो तेव्हा ती झोपली होती. उद्या बसू म्हटलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हलवावं लागलं. तिथे नळ्या होत्या, यंत्रं होती, माझ्या हाताजोगं काहीच काम नव्हतं. तेव्हा मी बसलो, पाच दिवस बसलो. पण तिला तेव्हा बोलता येत नव्हतं.

ती गेल्यावर मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. हो, नाही, जेवले. तेरा वर्षांची पोर. मी तिच्या खोलीचा दरवाजा रंगवून दिला, नवीन टेबल करून दिलं. तिनं टेबलावर कपडे टाकले. शेवटी काउंटरवरच्या मावशींनीच सांगितलं, तिला इकडे घेऊन या. तिथे तिच्या आईच्या जागी एक नवी समुपदेशक आली होती. तिनं माझ्या बायकोला कधी पाहिलं नव्हतं, म्हणूनच बहुतेक मुलगी तयार झाली.

चार गुरुवार मी बाहेर बसलो. पाचव्या गुरुवारी त्या नव्या बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, तिला चालणार आहे, तुम्ही आत या.

खोली तीच. टेबल डुगडुगत नव्हतं. मी केलेल्या खुर्च्या तशाच होत्या. मुलगी खाली बसली होती, बाहुलीघरासमोर. या वयात बाहुल्यांशी खेळत नाही कोणी, पण तिनं हाताला काहीतरी हवं म्हणून मांडलं असावं. एका खोलीत पलंग, त्यावर एक बाहुली निजवलेली. उशाशी एक लहान बाहुली. दार उघडं.

आणि एक बाहुला छपरावर.

मी ओळखलं. माझा हात पुढे गेला. नुसतं उचलून त्या खोलीत ठेवायचं होतं त्याला, पलंगाशेजारी, जागा होती तिथे... एका क्षणाचं काम. छपरापासून चार बोटांवर माझा हात थांबला. होतं तसं मोडून द्या, असं म्हणणारी माझ्या खांद्याशी बसली आहे असं वाटलं.

मी हात मागे घेतला आणि खुर्चीत बसलो.

मुलीनं ते पाहिलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नव्या बाई बोलल्या नाहीत. मीही नाही. शांतता मला सोसवत नव्हती, पण मी सोसली.

मग ती छपराकडे बघत म्हणाली, "ठोकायचा आवाज थांबला की आई डोळे उघडायची. दाराकडे बघायची. मग परत ठोकायला लागायचास तू."

मला सांगायचं होतं, की मला भीती वाटत होती. की मी खाली आलो असतो, बसलो असतो, तर तिची आई जे बोलणार होती ते ऐकावं लागलं असतं, आणि ऐकलं की ते खरं झालं असतं. पण ती वेळ मुलीच्या बोलण्याची होती.

"रोज?" एवढंच मी विचारलं.

"चारही दिवस," ती म्हणाली. आणि रडली. नाक पुसायच्या कागदाचा खालचा डबा तिच्या हाताशी होता, वरचा माझ्या.

आता दर गुरुवारी आम्ही जातो. दर वेळी ती घर नव्यानं मांडते, आणि दर वेळी त्या बाहुल्याला स्वतःच्या हातानं छपरावर ठेवते. मी बघतो. कधी ती आईबद्दल काही सांगते, कधी शाळेबद्दल, कधी तास नुसताच जातो. घरी आलो की मी पिशवी उघडत नाही. ती जेवायला बसली की मीही बसतो, हाक यायच्या आत.

त्या दाराला सात महिने लागले होते. तिच्या आईनं घाई केली नव्हती.

मागच्या गुरुवारी मुलीनं खेळण्यांच्या खोक्यातून एक शिडी काढली. बोटाएवढी, लाकडी, तिची एक पायरी निघालेली आहे. तिनं ती घराला लावली नाही. हातात धरून थोडा वेळ बसली, आणि मग भिंतीपासून जरा लांब, जमिनीवर आडवी ठेवून दिली.

निघालेली पायरी मला दिसत होती. मी बसून राहिलो.