जाळीपलीकडची निकिता

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुसुम मावशी खोटं बोलत नाही. सख्खी मावशी आहे माझी. सेलूपासून आत, एका लहान गावातल्या चर्चची झाडलोट तीच करते; तेव्हा फादरांचा स्वयंपाकही तीच करायची. हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवसाची गोष्ट. शनिवार. भर उन्हाची दुपार.

शनिवारी लुकास फादर पापनिवेदन ऐकायला बसत. कपाटासारखी लाकडी खोली, मधे जाळी. एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकलेला माणूस. तिथं ऐकलेलं फादर कुणाला म्हणजे कुणालाच सांगत नाहीत. जीव गेला तरी नाही.

लुकास फादर मूळचे वसईकडचे, पण सारी हयात इथंच गेलेली. मोटारसायकलवर वस्त्यांवर फिरायचे, आजाऱ्यांच्या उशाशी बसायचे. गावातल्याच निकिता आणि चंद्रभान या जोडप्याचं लग्नही त्यांनीच लावलेलं.

त्या दुपारी कुणीच आलं नव्हतं. मावशी दाराजवळच्या बाकांखाली झाडत होती.

अचानक लाईट गेली. पंखे थांबले...

आणि जाळीपलीकडची फळी करकरली.

कुणीतरी गुडघे टेकले होते.

मावशीनं चमकून पाहिलं. तिच्यासमोरून तर कुणी आत गेलं नव्हतं!

मग हळू आवाज आला. बाईचा. शब्द कळत नव्हते, पण आवाज ओळखीचा होता...

निकिताचा.

मावशीला बरंच वाटलं. पोरगी नवऱ्याशी भांडून पाथरीकडं माहेरी गेली होती. आली वाटतं परत, ती मनाशी म्हणाली. आपलं लक्ष नसताना आत गेली असेल.

बोलणं बराच वेळ चाललं. मधेमधे हुंदके. मग फादरांचा आवाज. मग... काहीच नाही.

फळी पुन्हा करकरलीच नाही.

फादर बाहेर आले. डोळे लाल झालेले. त्यांनी पलीकडं डोकावून पाहिलं आणि तसेच उभे राहिले.

"कुसुमबाई, कोणी बाहेर गेलं का?"

"न्हाई फादर. मी दारातच हाय की."

दोघं दाराशी गेले. तिथं सगळेच चपला बाहेर काढतात. पायरीवर फादरांच्या चपला होत्या. मावशीच्या होत्या.

तिसऱ्या कुणाच्या नव्हत्या.

संध्याकाळी चंद्रभान आला. जिनिंगच्या कारखान्यातून तसाच निघालेला, अंगभर कापूस.

"फादर... निकिता गेली."

"आरं, कुठं गेली?" मावशीनं विचारलं.

"हिरीत पडली, मावशी. सकाळी पाण्याला गेल्ती. दुपारच्या आतच काढलं म्हणं तिला. मला आत्ता फोन आलाय."

मावशीनं फादरांकडं पाहिलं.

गावात कुजबुज सुरू झाली. पडली न्हाई, उडी घातली. जीव दिलेल्याला चर्चची माती देऊ नये, असंही काही म्हणाले. फादरांनी कुणाचं ऐकलं नाही. चर्चमागच्या दफनभूमीत सगळे विधी केले.

चंद्रभान आतून जळत होता. "माझ्यामुळं गेली का वं ती?" भेटेल त्याला एवढंच विचारायचा. मावशीला बघवेना. एक दिवस तिनं त्याला त्या दुपारचं सगळं सांगून टाकलं.

तो तसाच फादरांकडं धावला. मावशी मागोमाग.

"पाय घसरला का तिचा? येवढंच सांगा, फादर."

फादरांनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

"बोलू नका. नुसती मान हलवा."

फादरांनी मानही हलवली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मला नाही सांगता येत, लेकरा. हात जोडतो तुला."

"मेलीय ती! मेलेल्याचं कसलं आलंय गुपित? मी जित्तेपणी मरायलोय हितं!"

चंद्रभाननं चर्चला येणं सोडलं. फादरांचं जेवण तुटलं. शनिवारी ते जाळीपाशी जाऊन बसत ते दिवेलागण झाली तरी उठत नसत. मावशी हाक मारी, "फादर, ताट वाढलंय."

"थांबा थोडं. चंद्रभान आला तर?"

तो आला नाही.

थंडीत फादर गेले. झोपेतच. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणं त्यांना निकिताच्या शेजारी पुरलं.

मातीला चंद्रभान आला. लांब उभा राहिला. लोक पांगल्यावर पुढं झाला. दिवस कलला होता. मावशी चर्चच्या मागच्या दारात होती.

"फादर," तो म्हणाला, "आता तर सांगा."

झाडावरच्या चिमण्या एकदम गप्प झाल्या...

चंद्रभाननं झटकन मान वळवली. कुणी हाक मारावी तशी. मग तो दोन्ही कबरींच्या मधे खाली बसला. कान दिला.

बराच वेळ तो ऐकत होता.

एकदा म्हणाला, "व्हय." मग अगदी हळू, "बरं."

मावशीला काहीच ऐकू आलं नाही.

तो उठला आणि तिच्या अंगावरूनच गेला. हसत होता की रडत होता, तिला कळलं नाही.

चंद्रभान आजही जिनिंगवर कामाला जातो. त्या दिवसापासून त्यानं कुणालाच काही विचारलेलं नाही. मावशी शनिवारची झाडलोट आता सकाळीच उरकते.

"त्यानं काय ऐकलं, तू कधी विचारलं नाहीस?" मी तिला म्हटलं.



"धाडस न्हाई व्हत, बाळा. त्याच्याशी कोण बोललं, तेच मला कळंना. ती बोलली आसंल तर देवाची दया. पण फादर बोलले आसतील तर... मग गुपित राखायला जित्तेपणी त्यांनी येवढं सोसलं, ते कशापायी?"