ठसेघरातला नकार

“माझ्या भावाने हे केलेलं नाही,” खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली.

“काय केलेलं नाही?” धाकटीने विचारलं.

दादाने पेनाचं टोपण काढलं. दारावरच्या पाटीवर बहीणभावाचं आडनाव होतं, पण डोकं एकटीचं होतं, आणि हे कुणालाही सांगताना दादाची छाती चार बोटं पुढे यायची. एका विमा कंपनीत खोटे दावे पकडून धाकटीने नाव कमावलं होतं. आता ती स्वतःची तपासणी संस्था चालवत होती. गाडी चालवणं, टिपणं घेणं आणि वेळेवर प्रश्न विचारून तिला वैतागवणं ही दादाची कामं.

आलेली बाई एका ठसेघराची सून होती. कापडावर आणि कागदावर नक्षी छापायचे लाकडी ठसे तिचे सासरे, आबा, हाताने कोरत. गिऱ्हाइकं लांबलांबून वेबसाइट शोधत यायची. दोन महिन्यांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने वेबसाइटचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, आणि तेव्हापासून ठसेघर सर्च इंजिनमधून पुसलं जात होतं.

“वेबसाइट उघडते का?”

“तुमच्याकडे उघडेल, माझ्याकडे उघडते, सगळ्यांकडे उघडते. फक्त सर्च इंजिनला उघडत नाही. त्यांच्या अहवालात पानोपानी चूक दाखवलीय.”

“म्हणजे इंजिन बिघडलंय?” दादाने विचारलं.

“दादा, सर्च इंजिनचा रोबो असतो,” धाकटी म्हणाली. “रोबो म्हणजे हातपायवाला नव्हे, एक प्रोग्राम. वेबसाइटची पानं एकामागून एक उघडून वाचत फिरतो. त्याने वाचलं तर लोकांना सापडतं. त्याला दार उघडलं नाही, तर दुकान असून नसल्यासारखं.”

“आज संध्याकाळी माझे मिस्टर एका मोठ्या ऑनलाइन बाजाराशी करार करणार आहेत,” सूनबाई म्हणाली. “तो झाला की वेबसाइट बंद आणि भावाचं कामही बंद. घरात सरळ कुणी बोलत नाही, पण माहेरच्या माणसाने वाट लावली हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर आहे. त्याने दुकानाची पायरी चढणंही सोडलंय, मॅडम. उद्या दुसरीकडे कुठे काम मागायला गेला, तर आधी हेच सांगतील ना लोक?”

धाकटीने तिच्याकडून अहवालाची प्रत घेतली आणि गाडीत बसेपर्यंत वाचून संपवली.

“गंमत आहे,” ती म्हणाली. “अपडेटनंतर पहिले काही दिवस रोबोला काहीच अडचण नाही. मग चुका सुरू. मध्ये एक आठवडा पुन्हा स्वच्छ. मग पुन्हा चुका.”

“आपोआप बरं होऊन आपोआप आजारी?”

“मशीन असं लहरीपणे वागत नाही, दादा. माणूस वागतो.”

ठसेघर म्हणजे एक लांबलचक खोली होती. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या ठशाची काळ्या शाईतली छाप. दाराजवळच्या कपाटात फुलं, मग पानं, मग पक्षी, आणि सगळ्यात आत जाळ्यांच्या गुंतागुंतीच्या नक्ष्या. तेलाचा आणि ताज्या भुशाचा वास. गल्ल्याच्या बाजूला एक कॉम्प्युटर होता, त्याचा पडदा आबांच्या खुर्चीकडे वळवलेला. आबा मांडीवर लाकूड घेऊन बारीक पटाशीने मोराचा डोळा कोरत होते.

एक झकपक कपड्यांतला माणूस फुलांच्या कपाटापाशी उभा होता. त्याने पहिला खण उघडला, ठसा उचलून पाहिला, ठेवला. दुसरा उघडला. तिसरा. भाव विचारला नाही, एकही ठसा बाजूला काढला नाही. पानांच्या कपाटापर्यंत पोचला, तसे आबा उठले, दारापाशी गेले आणि दार उघडून उभे राहिले.

“या आता,” ते अगदी नम्रपणे म्हणाले.

माणूस ओशाळून निघून गेला.

“अहो, गिऱ्हाईक होतं ना!” दादाच्या तोंडून निघून गेलं.

“गिऱ्हाईक?” आबा हसले. “गिऱ्हाइकाला काहीतरी हवं असतं. ते एक बघतं, अडतं, त्याच्याचसारखं दुसरं मागतं. ओळीने सगळे खण उघडतो आणि काही घेत नाही, तो नक्कल करणारा. माझ्या वडिलांनी ओळखायला शिकवलं मला. वेष बदलून येतात, पण चाल बदलत नाही. माझा मोर कुणाच्या थर्डक्लास यंत्रातून निघालेला बघायचा नाही मला.”

“आबा, मॅडम वेबसाइटचं बघायला आल्यात,” सूनबाई म्हणाली.

“मग त्यातलं मला काही विचारू नका. मी दुकान सांभाळतो.” ते पुन्हा मोराकडे वळले.

सूनबाईचा नवरा आतल्या खोलीत पार्सलं बांधत होता. हातातली चिकटपट्टी तोडतच तो बोलला.

“मॅडम, राग मानू नका, पण उशीर झालाय. मेव्हणा हुशार आहे, मान्य. पण अपडेट त्याने केलं आणि भोगतोय आम्ही. मी पहिल्याच महिन्यात त्याचा पासवर्ड काढून घेतला.”

“म्हणजे त्याला तेव्हापासून आत शिरून बघताच आलेलं नाही?”

“ज्याने आग लावली त्याच्याच हातात पाइप द्यायचा का?”

“करार झाला तर तुमची सोय होईल.”

“होईलच की. माझी पाठ गेलीय, मॅडम. वेबसाइट, पार्सलं, गिऱ्हाइकांचे फोन. वर आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर गल्ल्यावरसुद्धा मीच. दिवसभर त्या पडद्यासमोर बसून डोळे माझेच जायची वेळ आली.”

दादाने ‘होईलच की’ हे शब्द टिपून त्यांच्याखाली जाड रेघ ओढली. माणूस कबूलच करत होता!

“वेबसाइटमध्ये फेरफार कोण करू शकतं?” धाकटीने सूनबाईला विचारलं.

“पासवर्ड माझा एकटीचा. पण खरं सांगू? मी सकाळी गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून वेबसाइट एकदा उघडते, ते दुकान बंद करतानाच मिटते. मध्ये माझं काम वरच्या मजल्यावर, माझ्या लॅपटॉपवर. रोजच, अगदी ऑपरेशनच्या आठवड्यातसुद्धा.”

प्रोग्रामर भाऊ समोरच्या चहाच्या दुकानात बसला होता. पायरी चढायची नाही म्हणजे नाही. चेहरा ओढलेला, पण अहवाल पुढे ठेवताच त्याच्या नजरेला धार आली.

“हे वाचा, मॅडम. ‘प्रवेश नाकारला’. प्रत्येक ठिकाणी हेच. माझं अपडेट फसलं असतं तर ‘पान सापडत नाही’ आलं असतं, नाहीतर सर्व्हर कोलमडला असता. इथे पान आहे, सर्व्हर जागा आहे, आणि तो शहाण्यासारखा सांगतोय की तुला आत घेणार नाही. हे मोडलेलं दार नाही. हे कुणीतरी लावलेलं दार आहे.”

“तुम्ही रोबोला अडवणारा काही नियम टाकला होता?”

“एकही नाही. तपासा. माझ्या कामात एक ओळ वेडीवाकडी निघाली तर मी हा धंदा सोडेन.” त्याचा आवाज चढला, मग खाली आला. “भावजींना वाटतं मी लपवतोय. ताईला तोंड दाखवायची लाज वाटते मला.”

“अपडेटमध्ये नवीन काय होतं?”

“वेग वाढला, फोटो मोठे झाले. आणि पाहुण्यांची खिडकी. ती आबांचीच मागणी. मला म्हणाले, दुकानात कोण आलंय ते मला दिसतं, मग तुझ्या वेबसाइटवर कोण आलंय ते का दिसू नये? म्हणून गल्ल्यावरच्या पडद्यावर एक खिडकी दिली. आत्ता कोण कुठलं पान बघतोय ते दिसतं. नाव नाही, नुसता आकड्यांचा पत्ता. कुणी त्रास दिला तर त्याला बाहेर काढायची सोय आहे, ती ताईसाठी. ही बंदी एका दिवसापुरती. दुसऱ्या दिवशी आपोआप उठते.”

“ताईने ती वापरलीय?”

“तिला कशाला लागेल? कालच फोनवर विचारलं मी तिला. नाही म्हणाली.”

धाकटीने फोनवर सर्च इंजिन उघडलं आणि शोधायला लागली. फुलांचे ठसे सापडले. पानांचे जेमतेम. पक्षी नाहीत. जाळीच्या नक्ष्या तर नाहीतच.

“चला,” ती उठत म्हणाली. “तुम्हीसुद्धा.”

“मी पायरी चढणार नाही.”

“माझा दादा तुम्हाला उचलून आणेल. दिसतो मऊ, पण आहे हट्टी.”

वाटेत दादा तिच्या कानाशी लागला. “नवराच ना? सोय बघतोय, पासवर्ड काढून घेतलाय, कॉम्प्युटर हाताशी आहे.”

“छान जुळवलंस. फक्त एक आठवडा आडवा येतोय.”

ठसेघरात सगळे जमले. नवऱ्याच्या हातात कराराचे कागद होते, आणि मेव्हण्याला पाहताच त्याने ते छातीशी धरले. आबांनी पटाशी खाली ठेवली नाही.

“हे अपडेटने झालेलं नाही,” धाकटी म्हणाली. “झालं असतं तर पहिल्या दिवसापासून झालं असतं. अपडेटनंतर रोबो काही दिवस सुखाने वाचत होता. मग कुणीतरी त्याला बाहेर काढायला लागलं. बाहेर काढणं एका दिवसापुरतं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. आणि रोज फुलांपासून सुरुवात करायचा. फुलं वाचून व्हायची, पानांपाशी येईपर्यंत दार बंद. म्हणून आज जगाला तुमची फुलं सापडतात, मोर सापडत नाही.”

पटाशी थांबली.

“असं कोण करेल? प्रोग्रामरकडे पासवर्डच नव्हता. सूनबाई आणि तिचे मिस्टर, दोघांना करता आलं असतं. पण मध्ये एक आठवडा रोबोला कुणीच अडवलं नाही. त्या आठवड्यात सूनबाई रोजच्यासारखी वर लॅपटॉपवर होती आणि मिस्टर दिवसभर याच पडद्यासमोर. त्यांना वेबसाइट मोडायची असती तर त्याहून चांगली संधी कुठली? तो ऑपरेशनचा आठवडा होता. एरवी गल्ल्यावर असलेलं, पण तेव्हा नसलेलं माणूस एकच.”

“मॅडम, आबांना कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नाही!” नवरा म्हणाला.

“सुरू करावा लागतच नाही. सूनबाई सकाळी उघडून जाते. पाहुण्यांची खिडकी त्यांनीच मागून घेतली, पडदा त्यांच्याच खुर्चीकडे वळलाय. तुम्ही कुणी त्यांना विचारलंच नाहीत, कारण तुम्ही गृहीत धरलं की त्यांना यातलं कळत नाही. मलाही ते दार उघडून उभे राहीपर्यंत कळलं नव्हतं.” ती आबांकडे वळली. “आबा, रोज एक जण यायचा. फुलांचं पहिलं पान, दुसरं, तिसरं. कुठे अडला नाही, काही मागितलं नाही, काही घेतलं नाही. तुम्ही काय केलंत?”

आबा उठून उभे राहिले. वाकले नाहीत.

“जे वडिलांनी शिकवलं ते केलं. दार दाखवलं. रोज आकडे बदलून यायचा बेटा, पण मी चालीवरून ओळखायचो. एकदाही चुकलो नाही.”

“एकदाही चुकला नाहीत,” धाकटी म्हणाली. “तो खरोखर सगळे खण उघडतो आणि खरोखर काही घेत नाही. फक्त तो नक्कल करायला येत नव्हता. बाहेर जाऊन जगाला सांगायला येत होता की असा मोर कुठे मिळतो.”

नवऱ्याने कराराचे कागद दुमडले, पुन्हा दुमडले. दादा बहिणीकडे पाहत होता. टिपण घ्यायचं राहूनच गेलं होतं.

आबांनी हातातलं लाकूड गल्ल्यावर ठेवलं आणि सरळ प्रोग्रामरसमोर जाऊन उभे राहिले.

“तुझं काम चोख होतं. मी ते काम वापरून तुझंच नाव घालवलं. सगळ्यांसमोर सांगतो, ऐकून ठेवा.” मग मुलाकडे न बघता म्हणाले, “याचा पासवर्ड याला दे. आत्ता.”

“आबा, करार…”

“तू दमलायस, ते दिसतंय मला. मदतीला माणूस ठेवू. पण बाजाराच्या रांगेत माझा मोर उभा राहणार नाही.”

नवऱ्याने मान डोलावली. “चूक झाली, राव,” तो मेव्हण्याला म्हणाला. “पाइप तुझ्याच हातात द्यायला हवा होता.”

प्रोग्रामर कॉम्प्युटरसमोर बसला. सूनबाई त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. रडू येत होतं, पण दिसू देत नव्हती.

“आजची बंदी उठवली,” तो म्हणाला. “रोबोला ओळखायची खूणही लावतो, म्हणजे तो आला की खिडकीत आकड्यांऐवजी नाव दिसेल. सगळी पानं परत सापडायला काही आठवडे जातील. एक पान मात्र आत्ताच तपासायला बोलावता येतं. कुठलं बोलावू?”

“मोर,” सूनबाई म्हणाली.

त्याने विनंती पाठवली. सगळे पडद्याकडे वाकले. थोड्या वेळाने खिडकीत एक ओळ उमटली: सर्च इंजिनचा रोबो, पक्षी विभाग, मोर.

आबांनी सदऱ्यावरचा भुसा झटकला, बटणं नीट केली आणि शेजारी ताठ बसले. दुसऱ्या ठसेघराचा उस्ताद काम बघायला आला असता तर ते असेच बसले असते.

“बघ म्हणावं,” ते म्हणाले. “नीट बघ. आणि हेही सांग बाहेर, की वेबसाइट माझ्या सुनेच्या भावाने केलीय.”