घशात अडकलेलं अक्षर

रुआन शूचा मोबाइल थेट सूपमध्ये पडला.

चीनमधल्या छांगशा शहरातलं ते नूडल्सचं दुकान दुपारी नेहमीच खच्चून भरलेलं असे. मागून कुणाचं तरी कोपर लागलं आणि — डुबुक! तिने चिडून मागे पाहिलं. भुरभुर पावसात केस भिजलेला एक उंच तरुण कानापर्यंत लाल होऊन उभा होता.

"चूक माझीच! तुम्ही... ओरडा ना माझ्यावर. हक्काने ओरडा."

तिने गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. समोरच्याच इस्पितळात तिच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली होती आणि डॉक्टरांनी तोंडातून शब्दही काढायला बंदी केली होती. इतके दिवस ती मोबाइलवर टाइप करूनच सगळ्यांशी बोलत होती. आता पर्समध्ये उरली होती इस्पितळाने दिलेली छोटी पांढरी पाटी. अजून कोरी करकरीत.

तरुणाने चॉपस्टिक्सनी मोबाइल बाहेर काढला, अगदी काळजीपूर्वक. "तिखट फार नव्हतं ना? नाहीतर बिचाऱ्याला झोंबेल."

ती हसली. आवाज न करता.

त्याचं नाव थान येन. इमारतींचे नकाशे काढायचा. आईचं कानाचं यंत्र दुरुस्तीला घेऊन आला होता. तो समोरच बसला. "आणि तुमचं नाव?"

तिने पाटीवर लिहिलं. त्याचे डोळे विस्फारले.

"रेडिओवरच्या रुआन शू? रोज सकाळी लोकांच्या भाषेतल्या चुका काढता, त्या? अहो, आई तुमची भक्त आहे! मी काही चुकीचं बोललो की दम देते, थांब, रुआनबाईंना कळवते म्हणून." तो पुढे झुकला. "आवाजाला काय झालं?"

'घशात गाठ', एवढंच तर लिहायचं होतं. चिनी लिपीत घसा या शब्दाला दोन चित्राक्षरं. पहिलं उमटलं. दुसऱ्याच्या डावीकडचं तोंडाचं चिन्ह तिने काढलं आणि... हात थांबला. उजवीकडे काय असतं? मोबाइलवर उच्चार टाइप केला की अक्षरं समोर रांगेत उभी राहायची, नुसतं बोट टेकवायचं. आता समोर फक्त पांढरी पाटी होती, आणि हनुवटीला हात लावून शांतपणे वाट पाहणारा तो.

तिने पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं. गाल पेटले. साऱ्या शहराच्या चुका काढणारी बाई, आणि तिला 'घसा' लिहिता येईना!

ती ताडकन उठली. पाटी छातीशी उलटी धरली, ओला मोबाइल उचलला आणि पावसात निघून गेली.

"अहो... पाऊस तरी थांबू द्या!"

घरी तिने शब्दकोश उघडला. उजवीकडे होतं ड्रॅगनचं चिन्ह. पहिलीतली पोरंही काढतात ते! मग तिने शिंक लिहून पाहिली, संकोच लिहून पाहिला. जमले नाहीत. ती रडली, आणि रडतानाही हुंदका गिळावा लागला.

पुढच्या तपासणीच्या दिवशी थान येन त्याच दुकानात कोपऱ्यात बसलेला दिसला. तिला पाहून अवघडून उठला. "त्या दिवशी मी फारच बडबडलो. तुम्हाला आवडलं नसेल. मी... निघतो."

तिचा मोबाइल आता दुरुस्त झाला होता. तिने भराभर टाइप केलं, 'अचानक काम आठवलं होतं.' सफाईदार, एकही चूक नसलेलं खोटं. त्याला दाखवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. खोटं पुसून तिने पाटी काढली. हाताने एकेक अक्षर लिहिलं.

'घसा लिहिता येत नव्हता. तुमच्यासमोर लाज वाटली. म्हणून पळाले.'

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. हसला मात्र नाही. तिच्या हातातून पेन घेऊन त्याने 'शिंक', सगळ्यांनाच अडवणारा तो शब्द, लिहायला घेतला आणि अर्ध्यावरच अडकला.

"मलाही नाही येत," तो हळूच म्हणाला. "ऑफिसात कुणी हाताने लिहायला सांगितलं की मी फोन आल्याचं नाटक करतो. पण हे कुणाला सांगायचं धाडस... नाही झालं कधी. तू केलंस." तो गडबडला. "म्हणजे, तुम्ही."

तिने होकारार्थी मान डोलावली. तू चालेल.

त्यानंतर ते भेटत राहिले. नदीकाठी तो बोलायचा, ती लिहायची. अडलं की ती अजूनही लाजेने मान खाली घालायची, आणि तो नदीकडे पाहत थांबायचा, तिला अक्षर सापडेपर्यंत. कधी सापडायचं. कधी दोघांनाही नाही.

मग एका दुपारी डॉक्टरांनी थोडं बोलायची परवानगी दिली. थान येन इस्पितळाच्या पायऱ्यांवर वाट पाहत होता.

"सोमवारी रेडिओवर," तिचा आवाज खरखरीत, अनोळखी होता, "सगळं सांगणार आहे. मला लिहिता येत नाही, ते."

तो एक पायरी चढून तिच्याजवळ आला. "भीती वाटते?"

"लाज वाटते. खूप." तिने पाटी पर्समध्ये ठेवली. "तुझ्या आईंना काय वाटेल?"

"आई?" तो हसला. "आधी मला चार शिव्या घालेल, रुआनबाईंना पावसात जाऊ दिलं म्हणून."

"येन..." ती थांबली. मान खाली घातली नाही. "मला तू आवडतोस."

बडबड्या थान येन पुन्हा कानापर्यंत लाल झाला.

"पुन्हा म्हण ना," तो पुटपुटला.

"डॉक्टर रागावतील," ती कुजबुजली, आणि पुन्हा म्हणाली.